मेलबर्नची तेरा मिनिटे

क्रिकेटचा शौकीन आकडे पाठ करतो, फुटबॉलचा शौकीन तक्रारी पाठ करतो. आपल्याकडील कोणत्याही जुन्या फुटबॉलप्रेमी गृहस्थाला बोलते करा. थोड्याच वेळात तो मेलबर्नला पोहोचतो आणि सांगू लागतो की, त्या दिवशी आपण पुढे होतो! तो दिवस ४ डिसेंबर १९५६ चा. मेलबर्न ऑलिंपिकमधील युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याचा. या तक्रारीत तथ्य किती, हे आज पाहावयाचे आहे.

तक्रारींची परंपरा त्याहून जुनी आहे. १९४८ साली लंडनला बहुतांशी अनवाणी खेळणारा आपला संघ फ्रान्सकडून २-१ असा हरला आणि त्यात दोन पेनल्टी वाया गेल्या. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषकाला प्रवेश मिळूनही आपण गेलो नाही. पायांत बूट नव्हते म्हणून मज्जाव झाला, ही कथा आपल्या लोकांची फार लाडकी आहे. पण ऑलिंपिकपुढे त्या स्पर्धेचे महत्त्वच तेव्हा आपल्याला वाटले नव्हते, अशी कबुली त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे दिली. १९५२ साली हेलसिंकीत तर याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले.

असे असता १९५६ मध्ये आशा कशाच्या बळावर धरावयाची? एक बळ म्हणजे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हे हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. दुसरे बळ आघाडीचा नेव्हिल डिसोझा. मुंबईत खेळणारा हा तरुण मूळचा गोमंतकीय. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीज सत्ता होती, मुक्तीला अजून पाच वर्षे अवकाश होता. आणि हा गोंयकार भारताच्या पोशाखात मेलबर्नला उतरला होता. आमच्या लोकांना त्याचे अप्रूप अधिक वाटते ते यासाठीच.

दैवही थोडे अनुकूल झाले, हे शौकीन सहसा सांगत नाही. स्पर्धेत खेळले अवघे ११ संघ. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली. १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरविले. नेव्हिलने तीन गोल केले. आणि उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया!

मध्यंतरापर्यंत गोल नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलचा गोल झाला आणि भारत पुढे गेला. ५४ व्या मिनिटाला पापेकने बरोबरी साधली, ५७ व्या मिनिटाला वेसेलिनोविचने आघाडी घेतली, ६५ व्या मिनिटाला पुन्हा पापेक. तेरा मिनिटांत १-० चे १-३ झाले. ७८ व्या मिनिटाला आपल्याच सलामकडून चेंडू आपल्या जाळ्यात गेला आणि शेवट १-४ असा झाला.

शौकिनाचा खुलासा तयारच असतो: आपल्याकडे सामने ७० मिनिटांचे, तिथे ९० मिनिटांचा, पोरांचा दम संपला. मीही वर्गात हेच सांगत आलो होतो. एकदा फळ्यावर ही मिनिटे लिहिली, तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, "सर, तिसरा गोल तर पासष्टाव्या मिनिटाचा!" माझा खडू हातातच राहिला. सत्तर मिनिटे व्हावयाच्या आधीच घात झाला होता. माझे आजचे मत असे की, बलाढ्य संघाविरुद्ध आघाडी मिळाल्यावर ती राखावी कशी, याची सवयच आपल्याला नव्हती. ती पूर्वी कधी मिळाली होती?

दमाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हे. ७ डिसेंबरला बल्गेरियाशी कांस्यपदकासाठी गाठ पडली. सात दिवसांतला तिसरा सामना, आणि खेळाडू बदलण्याची सोय नाही. तो ०-३ असा गेला. बारा तारखेला सिडनीत मैत्रीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला आपण ७-१ असे हरविले! सात गोलांपैकी दोन-चार आधीच्या आठवड्यात उसने मिळाले असते तर, असे शौकिनाने म्हणावे आणि आपण ऐकून घ्यावे.

नेव्हिलचे चार गोल झाले. स्पर्धेत कोणाचेही त्याहून अधिक नव्हते. वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह त्याच्या बरोबरीला होते. पदक मात्र त्या दोघांना मिळाले. रहीमसाहेबांनी १९६२ मध्ये, प्रकृती खालावली असता, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक आणले आणि १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. आपल्याकडील सामने मेलबर्ननंतरही बरीच वर्षे ७० मिनिटांचेच राहिले. शौकिनाची ही तक्रार मात्र मला खोडता आलेली नाही. १९६० च्या रोमनंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानात उतरलेला नाही.