तळटीप ७ : सिरसाळ्याचा स्थाननकाशा

७. सिरसाळा (ता. परळी वैजनाथ, जि. बीड) दख्खनच्या बेसाल्ट पठारावर आहे. इथे शोध होतो तो मुख्यतः काळा दगड आणि मुरूम, म्हणजे गौण खनिजांचा. त्यासाठी २०१३चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम आहेत.

अशा खाणीच्या जागेच्या स्थाननकाशाने पाहणाऱ्याला राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात आणि तिथून जमिनीच्या नेमक्या गटापर्यंत न्यायचे असते. उत्तर दिशा, प्रमाणपट्टी, अक्षांश-रेखांश, रस्ते, ओढे, वस्ती हे सगळे त्यात हवेच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मांडणीत हा भाग ५६ क्रमांकाच्या पत्रकात येतो. चार अंश लांबी-रुंदीच्या या पत्रकाचे ‘ए’ ते ‘पी’ असे १६ भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा १६. असे १ : ५०,०००चे नकाशे तयार होतात.

खरी अडचण पुढे येते. जुनी पत्रके पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली आहेत, तर हातातले जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा आधार मानते. रूपांतर न करता आकडे टिपले, तर मराठवाड्यात बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. १ : ५०,०००च्या कागदावर हा फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. शिवारात मात्र खाणीची हद्द शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊ शकते. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात कोणता आधार घेतला हे लिहिणे मला सजावटीच्या रंगांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते. भूमी अभिलेखाचा गटनकाशा स्थाननकाशावर बसवतानाही बांधावरचे दगड प्रत्यक्ष जाऊन मोजावेत. – संपा.