आशाताई घरातली माणसं का मोजतात?

शिरूर तालुक्यातल्या इनामगावात राहा किंवा पुण्याच्या वॉर्डात, 2021ची जनगणना लांबली. त्यामुळे आरोग्य खातं 2011च्या आकड्यांवरून आजची लोकसंख्या अंदाजाने काढतं आणि आशाताईंच्या घरोघरच्या नोंदींशी ताडून पाहतं. लसींची मागणी त्यावरच ठरते. समजा, वस्ती 5,000 आणि जन्मदर हजारी 16, तर वर्षाला साधारण 80 बाळं.

खरी अडचण ऊसतोडीच्या हंगामात येते. कोपीवर आलेल्या कुटुंबाचं नाव मूळ गावच्या यादीत राहतं आणि बाळाचा डोस हुकतो. तुम्ही चार महिन्यांसाठी आला असलात, तरी घरात कोणी गरोदर आहे का, पाच वर्षांखालची मुलं किती, हे आशाताईंना सांगा. लसीकरण कार्ड सोबत ठेवा. पुढचा डोस इथल्या उपकेंद्रातही मोफत मिळतो.