फौज, लष्कर, पलटण : अभ्यासाला निघण्यापूर्वी

उमरी हे नांदेड जिल्ह्यातले, मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरचे गाव. जानेवारी 1948 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी इथली बँक लुटून तो पैसा निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेला. ही हकिगत मराठवाड्यात घरोघर सांगितली जाते. सांगणाऱ्याचे शब्द मात्र नीट ऐकावेत. धाड घालणारे ती 'तुकडी', गावे जाळणारे ते 'रझाकार', आणि सप्टेंबरात आली ती 'मिलिट्री'. शस्त्र घेतलेली माणसे तिन्हीकडे आहेत, शब्द मात्र तीन. मराठीतल्या सैन्यवाचक शब्दांच्या अभ्यासाला सुरुवात करायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वखुशीने काम करणारा, म्हणजे स्वयंसेवक. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या संघटनेने तो धारण केला आणि वर्ष-दोन वर्षांत मराठवाड्याच्या बोलीत त्याचा अर्थ 'जुलमी' असा पक्का झाला. उलट, 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय सैन्य रणगाड्यांसह हैदराबाद संस्थानात शिरले, त्याला नाव पडले 'पोलीस अ‍ॅक्शन'. शब्द पोलिसांचा, काम फौजेचे. जुनी माणसे आजही आपले वय 'अ‍ॅक्शनच्या वेळी मी एवढा होतो' असे सांगतात.

आता व्याकरणाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. फौज स्त्रीलिंगी, लष्कर, सैन्य, दळ नपुंसकलिंगी. हजारो माणसे असली तरी क्रियापद एकवचनी: फौज आली, लष्कर हलले. 'दोन फौजा' म्हटले की दोन वेगळी सैन्ये. पण जुन्या कागदांत 'दहा हजार फौज' असे सर्रास येते, तिथे मोजलेली असतात ती माणसे. एकच शब्द कधी समूह मोजतो, कधी समूहातली माणसे. तरीही 'पाच फौज' कोणी म्हणत नाही. पाच म्हटले की स्वार, शिपाई किंवा जवान आलेच पाहिजेत. फौज म्हणायला किती माणसे लागतात, याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, बोलणाऱ्याच्या कानात आहे.

माझे मत असे, की यातला प्रत्येक शब्द मुळात पोसणाऱ्याचे नाव सांगतो. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. किल्ल्याच्या आणि वसुलीच्या बंदोबस्ताला ठेवलेली ती शिबंदी. निजामाने 1798 साली स्वीकारली ती 'तैनाती फौज': सैनिक कंपनीचे, खर्च निजामाचा. पुढे हिंगोलीला छावणी पडली ती हैदराबाद कंटिंजंटची, आणि तिच्याच थकलेल्या खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. 'लष्कराच्या भाकरी भाजणे' हा वाक्प्रचारही चुलीजवळूनच आला आहे. लष्कर म्हणजे आधी खाणारी तोंडे, मग तलवारी, हे भाकरी थापणाऱ्या बाईला पक्के ठाऊक होते.

शब्दांचे नशीबही पाहावे. उदगीरच्या 1760 च्या लढाईत सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या बाजूने इब्राहिमखानाचे कवायती गारदी होते. तेव्हा हा शब्द शिस्तीचा होता. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा गारद्यांच्या हातून खून झाला आणि 'गारदी'चा अर्थ मारेकरी होऊन बसला. युरोपी भाषांतून आलेली 'पलटण' मात्र इतकी घरची झाली, की अंगणात खेळणाऱ्या पोरांचीही पलटण असते.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी फौज आणि लष्कर बोलीतून गेले नाहीत. सैन्य, सेना हेही त्यांच्या शेजारी राहिले. हा शेजार कसा नांदला, कोणत्या प्रसंगी मराठी माणूस 'सैन्य' म्हणतो आणि कोणत्या प्रसंगी 'मिलिट्री', हे अजून गावोगाव टिपायचे आहे.

या वाटेवर येणाऱ्याला मोडी वाचता आली तर उत्तमच. न आली तरी अडत नाही. 1948 पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. उमरी, धर्माबाद, उदगीर, औसा, कुठेही अशा माणसापाशी वही घेऊन बसावे, आणि नुसता शब्द टिपू नये, तो ज्या वाक्यात आला ते अख्खे वाक्य लिहून घ्यावे.