शरीरसंपदा : तालमीपासून ओसरीपर्यंत

फार दिवसांनीं घरीं आलेल्या नातवाच्या पाठीवरून हात फिरवीत मराठी घरांतील आजी समाधानानें म्हणते, "अंगावर मूठभर मांस चढलें हो!" या एका वाक्यांत मायेइतकाच इतिहासही सांठविलेला आहे. बाळानें बाळसें धरावें, माहेरीं गेलेली सून भरल्या अंगानें परत यावी, कर्ता पुरुष खात्यापित्या घरचा दिसावा, अशी समाजाची अपेक्षा असे. हडकुळा मनुष्य दिसला कीं दारिद्र्य, क्षय अथवा काळजी यांपैकीं कांहीं तरी त्याच्या पाठीस लागलें असावें, असा तर्क होई. या समजुतीस भोळेपणा म्हणून हसण्याचें कारण नाहीं. सन १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत दख्खनेंत दुष्काळ पडले. १९१८ सालीं मानमोडीच्या तापानें घरेंच्या घरें ओस पाडलीं. ज्या पिढ्यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें, त्यांना अंगावरचा मेद हा कणगींतल्या धान्यासारखा अडीअडचणीचा आधार वाटला, तर नवल नाहीं.

शास्त्राचें मत मात्र याहून सावध होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंद्य ठरविलें आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचीही गणना आहे. इतकेंच नव्हे, तर या दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असा निर्वाळाही तेथें दिलेला आहे. व्यायामसुद्धां आपल्या बळाच्या निम्म्यानेंच करावा, असें सुश्रुतानें सांगितलें. वैद्यकाची दृष्टि समतोलावर होती. लोकांची दृष्टि आकारावर राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी शिक्षण वाढलें, कचेऱ्या वाढल्या, आणि व्यायामाची जणूं वाटणीच होऊन गेली. तालीम पहिलवानाची, पुस्तक कारकुनाचें! विद्वानाचें शरीर किडकिडीत असणें हें त्याच्या विद्वत्तेचेंच लक्षण समजलें जाऊं लागलें. ही वाटणी नाकारणारेही कांहीं निघाले. बाळ गंगाधर टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत गेले, तेव्हां आपली प्रकृति अशक्त आहे हें ओळखून त्यांनीं पहिलें वर्ष व्यायामास वाहिलें आणि परीक्षेंत त्याची किंमतही दिली. पुढें औंधचे अधिपति भवानराव पंत प्रतिनिधि यांनीं आरंभीं युरोपांतील सुप्रसिद्ध मल्ल सँडो याची पद्धति अनुसरली, परंतु अखेर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९२८ सालीं त्यांवर पुस्तकही प्रसिद्ध केलें. सूर्यनमस्कारास हौदा लागत नाहीं, बदाम-दुधाचा खुराक लागत नाहीं. हातभर रुंद आणि पुरुषभर लांब जागा पुरते. व्यायाम तालमींतून घराच्या ओसरीवर येण्याची ही एक वाट होती.

दुसरी वाट मुंबईच्या उपनगरांत निघाली. अंधेरीच्या पश्चिमेस, साष्टी बेटावरील वर्सोवा या कोळ्यांच्या गांवीं, समुद्रकांठीं दादाभाई नौरोजी यांचा बंगला होता. मानमोडीच्या त्याच वर्षीं, २५ डिसेंबर १९१८ रोजीं, तेथें मणिभाई हरिभाई देसाई या एकवीस वर्षांच्या तरुणानें योगसंस्था स्थापन केली. हेच पुढें श्रीयोगेंद्र या नांवानें प्रसिद्धीस आले. लहानपणीं त्यांना कुस्तीचा नाद होता; मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील शिक्षण सोडून ते नर्मदातीरीं मालसर येथील परमहंस माधवदासजींचे शिष्य झाले. परंतु त्यांनीं भगवीं वस्त्रें घेतलीं नाहींत. उलट १९२७ सालीं विवाह करून संसार थाटला. योग हा गुहेंतल्या साधूचा, गृहस्थाला त्याचें काय काम, असें मानणाऱ्या समाजांत ही गोष्ट लहान नव्हती. पचन, श्वास, निद्रा आणि पाठीचा कणा हीं ठीक ठेवणें हें सामान्य संसारी माणसाचें कर्तव्य आहे, असें त्यांचें सांगणें होतें. दंडाचा घेर किती, हा प्रश्नच येथें गौण ठरला.

याच माधवदासजींचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्यानें तपासण्यास आरंभ केला. श्रद्धेच्या जागीं मोजमाप आलें.

हा उपदेश ज्याच्यासाठीं होता, तो मनुष्यही याच सुमारास उपनगरांत येऊन राहूं लागला होता. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावूं लागल्या. मोकळ्या हवेसाठीं अंधेरी-बोरिवलीस बिऱ्हाड करणारा कारकून सकाळीं गाडी गांठूं लागला, दिवसभर खुर्चीवर बसूं लागला आणि दिवेलागणीस थकून परतूं लागला. हवा चांगली मिळाली, पण चालणें कमी झालें! स्त्रियांची स्थिति तर याहून कठीण होती. घरकामांत व्यायाम आपोआप होतो, असें म्हणून त्यांचा विचारच कोणी करीत नसे. श्रीयोगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालीं स्त्रियांच्या योगव्यायामावर स्वतंत्र पुस्तक लिहून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. पुढें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ मुंबई प्रांतांत अधिकारावर असतांना, १९३८ सालीं, कांदिवली येथें शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. पहिलवानाच्या तालमींतील विद्या शाळेंतील प्रत्येक मुलाच्या वांट्यास यावी, हा तिचा हेतु होता.

परंतु समजुती संस्थांइतक्या लवकर बदलत नाहींत. बाळसें म्हणजे आरोग्य ही कल्पना टिकून राहिली. तिच्या शेजारीं, बारीक शरीर म्हणजे आरोग्य, ही नवी कल्पना येऊन बसली. दोन्हीही आकारावरूनच निवाडा करतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत स्वतःचें आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें उदाहरण मांडलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या अंगांत शेंकडा २१.२! पुण्याजवळील खेड्यांतील अर्भकें सरासरी २.७ किलो वजनाचीं, इंग्लंडांतील साउदम्प्टनचीं ३.५ किलोचीं; पण खेड्यांतील अर्भकांचे स्नायु जितके कमी, तितका त्वचेखालचा मेद कमी नव्हता. दिसावयास कृश, आंतून स्थूल, असें हें शरीर मधुमेहास लवकर बळी पडतें.

पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हडकुळा म्हणून खाऊं घातलें, त्याच्याच अंगीं मेदाचा सांठा लपलेला असूं शकतो, हें कळल्यावर आजीचें वाक्य पुन्हां ऐकण्याजोगें आहे. ती मांस म्हणते, मेद म्हणत नाहीं. अंगावर चढलेलें मूठभर खरोखर मांसच आहे काय, हें ताटावरून किंवा नुसत्या तराजूवरून ठरत नाहीं. वर्सोव्याच्या बंगल्यांत आणि कांदिवलीच्या मैदानावर याच प्रश्नाचें उत्तर रोजच्या अभ्यासानें द्यावयाचें ठरलें होतें. श्रीयोगेंद्रांची संस्था १९४८ पासून सांताक्रूझ येथें आहे. तिच्याजवळून जाणाऱ्या गाड्यांत दाटीवाटीनें उभा असलेला उपनगरवासी संध्याकाळीं घरीं पोंचतो, तेव्हां ओसरी राहिलेली नसते. पण हातभर रुंद आणि पुरुषभर लांब जागा अजून निघते.