मारियोच्या उडीची गोष्ट

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांतल्या टीव्हीला एक प्लास्टिकचे खोके जोडले गेले. त्यात कॅसेट खोचायची आणि व्हिडिओ गेम खेळायचा. मूळ यंत्र जपानी, हाती येई ती त्याची स्वस्त नक्कल. एकाच कॅसेटवर पुष्कळ खेळ असत. आमच्या कॅसेटवर मारियो नावाच्या मिशीवाल्या गड्याचे दोन खेळ होते. एके दिवशी मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. "बाबा, या गेममध्ये कासवावर उडी मारली की कासव मरतं आणि त्या गेममध्ये मारली की मारियोच मरतो. असं कसं?" मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच म्हणालो, "तूच नीट खेळत नसशील."

मी चुकलो होतो, हे मला फार उशिरा कळले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर त्या उडीचा इतिहास सांगावा लागतो.

क्योटो शहरातली निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली सुरू झाली ती खेळायचे पत्ते बनवण्यासाठी. १९८१ साली तिथल्या शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराने 'डाँकी काँग' हा खेळ रचला. वर एक गोरिला, तो पिंपे घरंगळत सोडतो आणि खालून एक सुतार शिड्या चढत येतो. या सुताराला तेव्हा 'जम्पमॅन' म्हणत, म्हणजे उडी मारणारा. पण ही उडी हल्ल्याची नव्हती. पिंप आले की त्यावरून पलीकडे जायचे, एवढाच तिचा उपयोग. मारायचे असेल तर वाटेत लटकलेला हातोडा घ्यायचा आणि हातोडा हाती असेपर्यंत उडी मारता येत नसे. म्हणजे उडी निसटण्यासाठी आणि हातोडा मारण्यासाठी, अशी सरळ वाटणी होती.

१९८३ साली 'मारियो ब्रदर्स' आला. सुताराचा आता नळकाम करणारा मारियो झाला होता. पाइपांतून कासवे बाहेर पडत. ती ज्या मजल्यावरून चालत, त्याला खालून उडी मारून डोक्याने ठोसा द्यायचा. कासव उलटे पडले की धावत वर जाऊन त्याला लाथेने उडवायचे. कासवाच्या पाठीवर मात्र उडी मारली, तर मारियोच मरे. मुलाच्या तक्रारीतला एक मारियो तो हा.

दुसरा आला १३ सप्टेंबर १९८५ रोजी. 'सुपर मारियो ब्रदर्स' मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी मिळून घडवला. यात नियम उलटा झाला. वरून पाय पडला की कासव कवचात जाते. मग त्या कवचाला लाथ घातली की ते घसरत जाऊन पुढच्या शत्रूंनाही लोळवते. पळून जाण्याची उडी आता चालून जाण्याची झाली. हाती शस्त्र नसलेल्या माणसाला पायच शस्त्र म्हणून मिळाले.

पण एक अडचण होती. कासवाला आधी तुडवायचे आणि मग लाथ मारायची, या दोन पायऱ्या नवख्याला अवघड जात होत्या. म्हणून खेळ जवळजवळ तयार झाल्यावर एका साध्या शत्रूची भर पडली. तो म्हणजे गूम्बा, दोन पायांचा, रागीट भुवयांचा तपकिरी जीव. एकदा तुडवला की संपला. सगळा खेळ मिळून ४० किलोबाइट जागा होती, त्यामुळे गूम्बाच्या चालण्याचे एकच चित्र काढून ते डावे-उजवे उलटवत ठेवले, की तो चालल्यासारखा दिसे!

हा गूम्बा पहिल्याच दृश्यात समोरून येतो. त्याला टेकलात की मेलात, पण खेळ लगेच पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या खेपेला माणूस आपोआप उडी मारतो आणि कधीतरी त्याच्या डोक्यावर पडतो. धडा पूर्ण! आमच्या कॅसेटबरोबर माहितीपत्रक नव्हते, पडद्यावरच्या इंग्रजीशी कोणाला देणेघेणे नव्हते, तरी मुले शिकली. पुढे पाठीवर काटे असलेले कासव येते. त्यावर उडी मारू नये, हे ते काटेच सांगतात. जमिनीला पाय न लावता एकामागून एक शत्रू तुडवत गेले की गुण वाढत जातात आणि शेवटी एक जादा जीव मिळतो.

हा नियम पुढेही सारखा राहिला नाही. १९८७ च्या एका वेगळ्याच जपानी खेळात मारियोला घालून १९८८ साली अमेरिकेत पुढचा भाग काढण्यात आला. त्यात शत्रूच्या डोक्यावर उभे राहिले तरी त्याला काही होत नाही, त्याला उचलून फेकावे लागते. १९९० साली 'सुपर मारियो वर्ल्ड'मध्ये गिरकी घेत मारायची उडी आली आणि काटेरी पाठीवरूनही उसळता येऊ लागले.

खरी परीक्षा झाली १९९६ साली. 'सुपर मारियो ६४'मध्ये चित्राला खोली आली. सपाट पडद्यावर शत्रू मागेपुढे असा दोनच दिशांना असतो. आता तो आपल्यापासून किती दूर आहे, हेही डोळ्यांना कळायला हवे. उडी चुकू लागली. त्यावर साधा उपाय म्हणजे मारियोच्या बरोबर खाली पडणारी गोल सावली. सावली पाहून पाय टाकायचा. जोडीला ठोसा, लाथ आणि हवेतून सरळ खाली आदळण्याची युक्ती मिळाली. २००७ च्या 'गॅलक्सी'त हातातला रिमोट हलवला की मारियो गिरकी घेऊन शत्रूला भोवळ आणू लागला. २०१६ साली तो मोबाइलवर आला, तेव्हा तो आपला आपण धावे आणि खेळणाऱ्याच्या बोटाकडे उरली फक्त उडी. २०१७ च्या 'ओडिसी'त मारियो आपली टोपी गूम्बाच्या डोक्यावर फेकतो आणि स्वतःच गूम्बा होतो. मग तो इतर गूम्बांच्या डोक्यावर उड्या मारतो, पण कोणी मरत नाही. एकावर एक अशी त्यांची उतरंड उभी राहते.

परवा मुलाला हे सारे फोनवर सांगितले. म्हटले, "तुझं काही चुकत नव्हतं रे. ते दोन खेळ दोन वर्षांच्या अंतराने झाले आणि मधल्या काळात नियमच फिरला होता." तो हसला. म्हणाला, "बाबा, ते मला तेव्हाच कळलं होतं. मी फक्त का ते विचारत होतो."