कॅमेऱ्यासाठी रोजची सॅक कशी निवडाल? लिटरचा आकडा बघण्याआधी हे वाचा

पहिला कॅमेरा घेताना आपण महिनोन्‌महिने रिव्ह्यू बघतो. बॉडी कुठली, लेन्स कुठली, हप्ता किती बसेल, सगळं ठरवतो. बॅग मात्र शेवटी दोन मिनिटांत ऑर्डर होते. पुढे कॅमेरा रोज सोबत येणार की कपाटात पडून राहणार, हे बऱ्याचदा ही बॅगच ठरवते. जड असेल, उघडायला वेळ लागत असेल किंवा डब्याला जागा नसेल, तर तिसऱ्या आठवड्यात आपण कॅमेरा घरी ठेवूनच बाहेर पडायला लागतो.

ऑफिस, कॉलेज आणि शूट या तिन्हीसाठी एकच आटोपशीर सॅक हवी असेल, तर काय बघायचं? एकेक मुद्दा समजून घेऊया.

आधी वजनाचा हिशोब करा

एक उदाहरण घेऊ. सोनीचा ए ६४०० हा कॅमेरा बॅटरी आणि मेमरी कार्डसह ४०३ ग्रॅमचा आहे. त्याची १८-१३५ झूम लेन्स ३२५ ग्रॅमची. सोबत सिग्माची ३० एमएम एफ १.४ लेन्स घेतली तर आणखी २६५ ग्रॅम. एकूण ९९३ ग्रॅम.

आता बाकीचं सामान बघा. १३ इंची एम २ मॅकबुक एअरचं वजन १.२४ किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बाटलीचं वजन वेगळं. शिवाय डबा, छत्री, चार्जर.

म्हणजे कॅमेऱ्याचं सामान एक किलोच्या आत आणि रोजचं सामान त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून सगळी जागा कॅमेऱ्याला देणारी सॅक रोजच्या कामाची नाही. आपल्याला हवी आहे रोजची सॅक, जिच्यात कॅमेऱ्यासाठी एक सुरक्षित कोपरा आहे.

रिकाम्या सॅकचं वजनही जरूर तपासा. पीक डिझाइनची २० लिटरची एव्हरीडे बॅकपॅक सुमारे दोन किलोची आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या कॅमेरा आणि लेन्सच्या दुप्पट. मजबूत फोम आणि जाड कापड हवं असेल तर वजन येणारच. पण रोज लोकलचे जिने चढायचे असतील तर रिकामी सॅक दीड किलोच्या आत असलेली बरी.

१५ लिटर, २० लिटर म्हणजे नेमकं किती?

लिटरचा आकडा हा बहुतेक वेळा पूर्ण सॅकचा असतो. त्यातला कॅमेऱ्याचा कप्पा किती, हे वेगळं बघावं लागतं. कंपन्यांची मोजायची पद्धतही सारखी नसते. त्यामुळे आतली मापं सेंटिमीटरमध्ये शोधा आणि स्वतः गणित करा. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून १००० ने भागलं की लिटर मिळतात.

समजा कॅमेऱ्याचा कप्पा २८ × १८ × १२ सेंटिमीटरचा आहे. गुणाकार ६०४८, म्हणजे साधारण ६ लिटर. एक मिररलेस बॉडी, तिला लावलेली मध्यम लेन्स, आणखी एक छोटी लेन्स आणि बॅटऱ्या एवढ्या जागेत मावतात. २० लिटरच्या सॅकमधून हे ६ लिटर वजा केले तर १४ लिटर उरतात. लॅपटॉप, डबा आणि एखादं जॅकेट यासाठी तेवढे पुरतात. १५ लिटरच्या सॅकमध्ये मात्र ९ लिटरच राहतात, तिथे डबा की जॅकेट हे रोज ठरवावं लागेल.

फुल फ्रेम कॅमेरा आणि एफ २.८ ची मोठी झूम लेन्स असेल तर खोलीचं माप आधी बघा. अनेक सडपातळ सॅक इथेच कमी पडतात. लॅपटॉप आत गेला की खोली आणखी कमी होते, हेही विसरू नका.

चेन कुठून उघडते?

कॅमेरा सॅक साधारण तीन प्रकारे उघडतात.

पाठीच्या बाजूने: चेन तुमच्या पाठीला टेकलेली असते, त्यामुळे गर्दीत मागून कोणी उघडू शकत नाही. लोकलमध्ये सॅक पुढे घेतली तरी चेन छातीकडेच राहते. तोटा असा, की कॅमेरा काढायला सॅक पूर्ण उतरवावी लागते.

बाजूने: एक पट्टा खांद्यावरून काढायचा, सॅक फिरवून पुढे आणायची आणि कॅमेरा काढायचा. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी हा सगळ्यात सोयीचा प्रकार. पण बाजूच्या चेनला कुलूपवजा हुक आहे का ते पाहा. नसेल तर गर्दीत सॅक पुढेच घ्या.

वरून: रोजचं सामान वर, कॅमेरा खाली. दिसायला साधी, पण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला आधी डबा आणि जॅकेट बाहेर काढावं लागतं. खाली वेगळी चेन असेल तरच हा प्रकार घ्या.

कुठलीही सॅक असो, पाणी आणि डबा कॅमेऱ्याच्या कप्प्यात नकोच. बाटली बाहेरच्या खिशात हवी. डबा वरच्या कप्प्यात जाणार असेल, तर मधला पडदा पूर्ण बंद होतो का ते तपासा. आमटी सांडली तर ती खालच्या लेन्सपर्यंत पोहोचायला फट पुरते.

वॉटरप्रूफ की वॉटर रेझिस्टंट?

वॉटर रेझिस्टंट म्हणजे काही वेळ पाणी अडवणारी. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत येऊच न देणारी. बाजारातल्या बहुतेक रोजच्या सॅक पहिल्या प्रकारातल्या असतात.

माहितीत ४२० डी, १००० डी असं लिहिलेलं दिसतं. डी म्हणजे डेनियर. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण पाणी अडवण्याचं काम धाग्याच्या जाडीपेक्षा कापडावरचा लेप करतो. आणि पाणी आत शिरतं ते बऱ्याचदा शिवण आणि चेनमधून. म्हणून चेनवर कापडाची झडप आहे का, हे डेनियरच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

सोबत येणारं रेन कव्हर उपयोगी आहे, पण ते पाठीकडची बाजू झाकत नाही. पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी तिथून मुरतं. आणि सॅक पुढे घेऊन चाललात तर हीच पाठीची बाजू तुमच्या ओल्या शर्टाला चिकटते. जोरदार पावसात सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा आतल्या आत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं. कोरड्या जागी पोहोचलात की पिशवी लगेच काढा.

घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये ठेवू नका

पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. लेन्सवरची बुरशी साधारण ६० टक्क्यांच्या पुढे वाढायला लागते. सॅकमधला फोम आणि अस्तर ओलावा धरून ठेवतात. बंद, काळोखी आणि दमट जागा बुरशीला आवडते. लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी चढली तर ती उघडून साफ करण्याचा खर्च मोठा असतो, आणि काचेवरचा थर खराब झाला तर तो पूर्ववत होत नाही.

म्हणून रात्री कॅमेरा बाहेर काढा. ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल चालेल. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिलेली चांगली, ती मोजायला छोटं आर्द्रतामापक मिळतं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा शोषून थकलेत असं समजा. सॅक मात्र उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा.

नवी सॅक घेण्याची गरज आहे का?

कदाचित नाही. तुमची सध्याची सॅक धड असेल तर तिच्यात बसणारा फोमचा तयार कप्पा मिळतो. त्याला कॅमेरा इन्सर्ट किंवा क्यूब म्हणतात. वेल्क्रोच्या भिंती हलवून हव्या तशा जागा करता येतात. नव्या कॅमेरा सॅकपेक्षा खर्च बराच कमी, आणि बाहेरून बघणाऱ्याला आत कॅमेरा आहे हे कळतही नाही. घेण्याआधी सॅकची आतली रुंदी आणि खोली टेपने मोजा.

ढोबळमानाने असं ठरवता येईल:

एक कॅमेरा, एक-दोन लेन्स आणि आधीची सॅक चांगली असेल, तर इन्सर्ट घ्या.
लॅपटॉप रोज न्यायचा असेल आणि कॅमेरा पटकन काढायचा असेल, तर बाजूने उघडणारी १८ ते २० लिटरची सॅक घ्या.
लॅपटॉप नसेल, फक्त कॅमेरा आणि एक लेन्स असेल, तर ६ ते १० लिटरची स्लिंग पुरते.

दुकानात करायच्या ४ चाचण्या

१. स्वतःचा कॅमेरा, लॅपटॉप आणि भरलेली बाटली घेऊन जा. सगळं भरून दहा मिनिटं फिरा. पट्टे खांद्याला रुतत असतील तर ती सॅक नको.

२. भरलेली सॅक जमिनीवर उभी करा. आडवी पडत असेल तर कॉफी शॉपमध्ये, स्टेशनवर रोज पडेल.

३. कॅमेऱ्याच्या कप्प्याची चेन उघडी ठेवून सॅक उचला. कॅमेरा लगेच बाहेर घसरतो की आतल्या पट्टीने अडतो, ते बघा. चेन लावायला आपण कधी ना कधी विसरतोच.

४. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला. तो तळापासून थोडा वर संपायला हवा. नाहीतर सॅक खाली ठेवताना पहिला धक्का लॅपटॉपलाच बसतो.

ऑनलाइन घेत असाल तर टॅग न काढता हेच घरी करा, आणि परत करण्याची मुदत आधी वाचून ठेवा.

आणि विमानाने जाताना: सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या सोबतच्या सॅकमध्येच ठेवा, टोकं झाकून. देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासात केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते. दोन किलोची सॅक घेतली तर सामानासाठी पाचच किलो उरतात.