चवीपुरतं मीठ म्हणजे किती?

फोनवर 'पुरणपोळी' असं टाइप केलं की क्षणात ढीगभर रेसिपी समोर येतात. एकीत गूळ, दुसरीत साखर. एकीत कणीक, दुसरीत मैदा. यातली भरवशाची कुठली? प्रश्न आजचा वाटतो, पण तो मोबाइलच्या खूप आधीचा आहे.

स्वयंपाक शिकायची जुनी रीत लेखी नव्हती. आई, आजी किंवा सासू शेजारी उभी असायची. 'अंदाजाने घाल' एवढं म्हटलं तरी भागायचं, कारण अंदाज चुकला तर तिचा हात मध्ये यायचा. तो हात शेजारी नसेल तेव्हाच लिहिलेल्या रेसिपीची गरज पडते. म्हणून कुठल्याही रेसिपीला पहिल्यांदा विचारायचं, की बाई, तू कुणासाठी लिहिली गेलीस?

12 व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात 'अन्नभोग' नावाचा भाग आहे. आपल्या मांड्यांशी नातं सांगणारे 'मंडक' त्यात आहेत, वडे आहेत, इडलीच्या कुळातली 'इडरिका' आहे आणि चक्क भाजलेले उंदीरही आहेत. पण नाव बघा, अन्नभोग. लिहिलंय ते खाणाऱ्या राजाच्या बाजूने. रांधणारा हात तिथे गृहीत धरलेला आहे.

छापखाना आला आणि वाचक बदलला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 मध्ये आलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं. आता वाचक कोण हे शीर्षकातच आहे. घर चालवणारी, वाचता येणारी बाई.

अडचण होती मापांची. तेव्हा व्यवहार चालायचा शेर, पावशेर, नवटाक आणि तोळ्यांत. सरकारी शेर 80 तोळ्यांचा, पण गावोगावचे शेर निराळे. पुण्यातल्या शेराने लिहिलेलं दुसऱ्या गावात तंतोतंत जमेलच असं नाही. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, शेर हळूहळू मागे पडला आणि किलो-ग्रॅम रुळले. तरी घरोघरच्या ओट्यावर तराजू काही आला नाही.

1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्यात मापं होती वाटी आणि चमच्याची. ही युक्ती साधी दिसते, पण तिच्यामागे गणित आहे. 1 वाटी तांदळाला 2 वाट्या पाणी म्हटलं, की वाटी कुणाचीही असो, प्रमाण तेच राहतं. नव्या संसारात, परक्या शहरात, आईपासून लांब असलेल्या मुलीला शेजारी कुणी उभं नसताना हे पुरतं. पुस्तक पिढ्यान् पिढ्या खपलं त्याचं एक कारण हेच असावं. एक मेख मात्र आहे. वाटी मोठी घेतली आणि मिठाचा चमचा तोच राहिला, तर पदार्थ अळणी होतो. 'चवीपुरतं' हा शब्द म्हणूनच टिकून आहे.

पण या पुस्तकांच्या रांगेत कुठली घरं नव्हती? मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं रोजचं अन्न शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात नोंदवलं, ते 2015 मध्ये. सूपशास्त्रानंतर 140 वर्षांनी! मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, रक्ताची रक्ती, तेल-तुपाची चैन परवडत नसताना साधलेली चव. हे अन्न शिजत होतंच, फक्त 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून कुणी लिहीत नव्हतं. जे लिहिलं जात नाही ते पुढे शोधूनही सापडत नाही.

आज हे सगळं आपल्या हातातल्या स्क्रीनवर येऊन थांबलंय. तेव्हा रेसिपी निवडताना लाइक्स मोजण्याआधी थोडं वाचा. मापं एकाच वाटीची आहेत की कुठे वाटी, कुठे ग्रॅम अशी सरमिसळ आहे? 'दहा मिनिटं शिजवा' एवढंच लिहिलंय, की 'कडेने तेल सुटेपर्यंत' अशी खूणही दिली आहे? गॅस आणि पातेलं बदललं की मिनिटं बदलतात, खूण बदलत नाही. लिहिणाऱ्याने हा पदार्थ कुठल्या घरचा, कुठल्या गावचा हे सांगितलंय का? ज्याने सांगितलंय, त्याने बहुधा तो स्वतः रांधलेला असतो.

आणि तुमच्या घरातला एखादा पदार्थ शोधूनही सापडला नाही, तर तो नेहमी करणाऱ्या माणसाच्या शेजारी एकदा वाटी-चमचा घेऊन उभे राहा. तिने मूठभर घेतलं की ते आधी वाटीत मोजा, मग पातेल्यात जाऊ द्या, आणि लिहून ठेवा.